आधी बसलेला विसर्ग

मात्सुएत रात्रीचे सव्वाअकरा.
शिंपलेवाल्यांच्या सहकारी संस्थेच्या माडीवर
ओरिए कुरातानी एकटीच,
आणि पडद्यावर चौतीस होड्यांचं वजन: निल.

एरर नाही. लाल अक्षर नाही.
सगळं कसं सभ्यपणे रिकामं,
घरात माणूस असून
"कोणी नाही" असं दारातच सांगावं तसं.

माल तर आलाय.
सकाळी तिनेच पाहिला, खाली ओल्या फरशीवर
क्रेटच्या क्रेट काळे शिजिमी,
पाण्यात जिभा काढून
तळ्याची वाळू थुंकत बसलेले.

ती हॅश उघडते. हॅशमध्ये हॅश, त्याच्या पोटात आणखी एक:
दिवसात होडी, होडीत क्रेट, क्रेटमध्ये वजन.
तारीख सापडते, होडीचा नंबर सापडतो,
एक पायरी आत उतरलं
की हाताला वारा लागतो.

दोन तास भलतीकडेच शोधत होती.
आधी काट्यावर संशय घेतला,
मग होडीवरच्या हँडसेटवर,
मग, हे ती कुणाला सांगणार नाही,
नव्या पोऱ्यावर, ओत्सुजीवर,
मंगळवारी त्याने कशाला तरी हात लावला होता म्हणून.

शेवटी जे आहे ते जसंच्या तसं छापलं
आणि चष्मा कपाळावर ढकलून कागद नाकाशी धरला.

बाहेरच्या शब्दांच्या आधी दोन टिंबं.
मराठी डोळ्याला वाटेल, विसर्गच हा,
रांग मोडून पुढे येऊन बसलेला.
आतल्या शब्दांना मात्र अवतरणचिन्हांचं कुंपण.
वर सिम्बॉल, खाली स्ट्रिंग.
अक्षरं तीच, उच्चार तोच,
आणि यंत्राच्या लेखी ना ओळख ना पाळख.

तिला हामासाकींचं पेन्शन आठवलं.
'साकी'चं अक्षर ते आजोबांच्या वळणाने लिहितात,
सरकारी नोंदीत ते नव्या वळणाचं.
खिडकीतली मुलगी अदबीने वाकून म्हणाली होती,
"या नावाचे गृहस्थ आमच्याकडे नाहीत."
गृहस्थ समोर उभे. टोपी हातात.
असे चार महिने.

"उंबऱ्यापर्यंतच बदललं आपण," ती पुटपुटली,
"आतल्या खोल्यांत गेलंच नाही कोणी."

तळापर्यंत जाऊन सगळ्याच किल्ल्या बदलणारी
एक ओळ असते. तिने ती लिहिली.
वजनं आली! एकोणचाळीस किलो, बेचाळीस, सदतीस आणि थोडं.
ती खुर्चीतून अर्धी उठली
आणि तशीच थांबली.

कारण अगदी तळाशी, शेवटच्या हॅशमध्ये,
ज्यांनी पाण्यात लांब दांड्याचं फावडं ओढलं
त्या माणसांची नावं होती, त्यांनी स्वतः टाइप केलेली.
त्यांच्याही कपाळी आता दोन टिंबं.
सभासदांच्या यादीत त्यातलं एकही जुळेना.
मघाशी माणसं होती, वजन नव्हतं.
आता वजन होतं आणि माणसं गेली.

ती ओळ तिने खोडली.
थंड चहा प्यायली, तोंड वाकडं केलं,
आणि एकेक थर हाताने उलगडत गेली:
क्रेट बदलायचा. वजन बदलायचं.
नावाला हात लावायचा नाही.
ज्याने जसं लिहिलं, तसं.

पावणेतीन.
तेहतीस होड्या भरल्या.
चौतिसावी निल.

पुन्हा तोच शोध, तीच टिंबं, तेच कुंपण,
सगळं जागच्या जागी, तरी निल.
पहाटे तिने नाद सोडला, जॅकेट चढवलं, धक्क्यावर आली.

शिंजी तळ्यावर दिवे निघाले होते.
हामासाकींची होडी दोराला बांधलेली,
फावडं कोरडं, ताडपत्री कालच्या गाठीतच.
शेजारचा होडीवाला दोर सोडता सोडता म्हणाला,
"परवा रात्री बायकोला इस्पितळात नेलं त्यांनी."

ओरिए माडीवर परतली.
तेवढं एक निल तिने तसंच ठेवलं.
त्याच्या शेजारी नाव होतं,
'साकी' जुन्या वळणाचं.